पावणेसातची मोकळी जागा

माईंनी उजवा कान रेडिओच्या पुढच्या कापडाला टेकवला, डोळे मिटले आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. आत एक बाई गात होती. आवाज भरदार, पण भाषा कुठली ते कळत नव्हतं. आणि त्या गाण्यावर, समोरच्या कारखान्यातल्या बर्फ भरडायच्या मोटरची घरघर पसरलेली होती.

"ही नव्हे," माई म्हणाल्या.

"नव्हेच ती," मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले. "हे दुसरंच कुठलं तरी स्टेशन आहे. रायपूर याच्या खाली आहे."

"खाली म्हणजे?"

खाली म्हणजे काय, ते मला तरी कुठं ठाऊक होतं? आप्पा बोलायचे तसं मी बोलून गेले होते. "पाण्याखाली खडक असतो ना, तसं."

माईंनी कान उचलला. कापडाची जाळी त्यांच्या गालावर उमटली होती. "मग ओहोटी कधी लागते ते बघ," एवढं म्हणून त्या देवाजवळ दिवा लावायला उठल्या. मी घाईघाईनं काटा होता तिथं नेऊन ठेवला आणि रेडिओ बंद केला. आप्पा यायच्या आत हे सगळं आवरायचं होतं.

ही गोष्ट सत्त्याहत्तर सालच्या सप्टेंबरातली. वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ आमचं घर होतं आणि रस्ता ओलांडला की आप्पांचा बर्फाचा कारखाना. आप्पा खवणेकर म्हणजे माझे सासरे. कारखाना म्हणायचा एवढंच; एक पत्र्याची शेड, आत खाऱ्या पाण्याच्या टाकीत बुडवलेले पत्र्याचे डबे आणि बाबी नावाचा मोटरवाला. संध्याकाळी होड्या समुद्रावर निघायच्या वेळेला बर्फाच्या लाद्या यंत्रात घालून भरडायच्या, पाट्यांतून होड्यांवर चढवायच्या. पाणी उतरायच्या आत होडी बाहेर पडली पाहिजे, म्हणून त्या वेळी बंदरावर नुसती आरडाओरड. मी मूळची कोल्हापूरची. लग्न होऊन आले तेव्हा पहिला महिनाभर त्या मोटरच्या आवाजानं माझं डोकं उठायचं. पुढं पुढं ती थांबली की चुकल्यासारखं व्हायला लागलं.

आप्पांना एकच नाद होता, रेडिओचा. हॉलमध्ये मोठा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याची तांब्याची तार घराच्या आढ्यापासून मागच्या माडापर्यंत ताणलेली. कारखाना बंद करून आले, जेवण झालं, की आप्पा काटा फिरवत बसायचे. लांबचं स्टेशन लागलं की चेहरा उजळायचा. मस्कत, कराची, रंगून. भाषा कळायची गरज नसे. "हे बघ, बंदरावरून ढोपरभर पाण्यात उतरायला घाबरणारा मी, पण कानानं कुठं कुठं जाऊन येतो," असं मला म्हणायचे. माझे यजमान मुंबईला गोदीत नोकरीला होते, गणपतीला आणि मे महिन्यात यायचे. त्यामुळे घरात आम्ही तिघंच. आप्पा, माई आणि मी.

खरं म्हणजे चौथी होती. तिचं नाव घरात निघत नव्हतं.

शालन, माझी नणंद. मी या घरात यायच्या आधी एक वर्ष तिचं लग्न ठरलं होतं. मांडवाचं सामान आलेलं, आणि ही नागपूरला मैत्रिणीकडे म्हणून गेली ती भिलाईच्या एका इंजिनियरशी नोंदणी लग्न करून मोकळी झाली. मुलगा छत्तीसगडचा, जात वेगळी, भाषा वेगळी. ठरलेल्या सोयरिकीकडची माणसं आप्पांच्या दारात येऊन चार लोकांत काय काय बोलून गेली. त्या दिवसापासून आप्पांनी त्या मुलीचं नाव घेतलं नाही आणि कुणाला घेऊ दिलं नाही. माईसुद्धा बोलताना 'ती' म्हणत. 'तिचं कपाट', 'तिची शाळेची पेटी'. इतक्या वर्षांत या घरात तिचं नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी मुंबईला गेले की यजमान मात्र बोलायचे.

त्या गणपतीत त्यांनीच मला सांगितलं. स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर बसून, हळू आवाजात. शालन मुंबईला येऊन गेली होती. नवऱ्याची बदली गेल्या वर्षीच रायपूरला झालीय, तिथल्या रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमात ती दर मंगळवारी बोलते. संध्याकाळी पावणेसातला. "माईला ऐकवता आलं तर बघ," असं तिनंच सांगून पाठवलं होतं.

आणि माईंचे कान चालले होते. डावा पूर्वीच गेला होता. उजव्याचं सावंतवाडीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की शीर सुकत चालली आहे, यंत्र लावून फारसा उपयोग नाही, वर्ष-दीड वर्ष जेवढं ऐकू येईल तेवढं खरं. माईंनी ते शांतपणे ऐकलं. एस.टी.त बसल्यावर मला म्हणाल्या, "रोहिणी, सगळ्यांचे आवाज ऐकून झाले माझे. एक राहिलाय."

ट्रंक कॉल करायचा तर पोस्टात जावं लागे. पोस्टमास्तर आप्पांच्या पानाच्या बैठकीतले. शिवाय फोनमधला आवाज माईंना माणसाचा वाटतच नसे. यजमानांचा फोन आला तरी त्या रिसीव्हर माझ्या हातात देऊन म्हणायच्या, "मुंगी चावल्यासारखं वाटतं." रेडिओ मात्र त्यांना ऐकू यायचा. कान टेकवला की त्याचं लाकूडच त्यांच्याशी बोलायचं.

म्हणून मंगळवार. आप्पा सहापासून साडेसातपर्यंत कारखान्यावर असायचे. तेवढ्या वेळात मी काटा फिरवायची. आणि प्रत्येक मंगळवारी ती परकी बाई गायची, नाहीतर एक पुरुष खर्जात बातम्या द्यायचा. खाली, अगदी खाली, कधीतरी एखादा हिंदी शब्द वर यायचा आणि बुडायचा.

त्याच दिवसांत आप्पांचंही काहीतरी बिनसलं होतं. एका शनिवारी ते सव्वासहालाच घरी आले. चपला न काढता रेडिओसमोर बसले आणि नेमक्या त्याच जागेवर काटा नेऊन थांबले. माझ्या हातातलं तांदळाचं ताट खाली पडता पडता राहिलं.

तीच बाई गात होती.

"बघ, आला," आप्पा स्वतःशीच म्हणाले. "औंदा हा सहालाच येऊन बसतो."

"कोण, आप्पा?"

"इराण. गेल्या हिवाळ्यात सातशिवाय तोंड दाखवत नव्हता. सातपर्यंत जागा मोकळी असायची."

"मोकळ्या जागेवर काय लागायचं?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग काटा खर्रकन दुसऱ्या टोकाला नेला. "काय लागायचंय? खरखर. माणसाला मोकळी जागाही आवडते कधीकधी."

मला हसू आलं होतं. म्हातारपणी माणसाला कशाचाही राग येतो, एका इराणी स्टेशनाचासुद्धा, असं वाटलं. पण तो राग जाईना. दर संध्याकाळी आप्पा काहीतरी निमित्त काढून घरी यायचे, दोन मिनिटं तो काटा लावायचे, ती बाई किंवा तो खर्जातला माणूस ऐकायचे, आणि परत जायचे. एकदा तर तारेला दोष देऊन माडावर माणूस चढवला. मंगळवारी मात्र कधी यायचे नाहीत. तेवढं आमचं नशीब, असं मी माईंना म्हणाले.

याचा उलगडा केला पेद्रूनं.

पेद्रू फर्नांडिस आमचा शेजारी. आमच्या त्याच्या अंगणात फक्त एक चिऱ्याची बुटकी भिंत. मालवाहू बोटीवर इंजिनात तेल घालायचं काम करायचा, आखातातल्या बंदरांना जायचा आणि सुट्टीवर आला की सगळ्यांच्या ओट्यावर बसून गप्पा हाणायचा. घरात माझ्याशी सगळे शहरी मराठी बोलत, पण पेद्रू आला की आप्पांची जीभ आपोआप मालवणीवर जाई.

चहा पिता पिता आप्पांनी अगदी सहज विचारलं, "पेद्रू, तुमची बोट इराणाक जाता मां?"

"जाता तर. बंदर अब्बास. पण औंदा थंयच्या लोकांनी डोक्याचो भुगो केल्यानी."

"कित्याक?"

"घड्याळां फिरवल्यानी, आप्पानूं. उन्हाळो इलो तसा सरकारान सांगितलां, सगळ्यांनी एक तास पुढे. सूर्य आपलो थंयच, पण घड्याळ पुढे. आमचो भंडारी जुन्या टायमाक जेवण काढता आणि बंदरातले हमाल नव्या टायमान काम आटपून घराक. तीन दिवस आमी तसेच धक्क्याक लागून. कप्तान कोणाक शिव्या घालतलो? घड्याळाक?"

आप्पांचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. "एक तास पुढे."

"होय."

"म्हणजे थंयचे पाच आता आमच्या सहाकच वाजतत. आदी सातांक वाजत."

"तां तुमी करा. माका हिशोब येतो तर मी तेल कित्याक घातलंय असतंय?"

मी दारात उभी होते आणि माझ्याही डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. ते स्टेशन त्यांच्या घड्याळानं संध्याकाळी पाचलाच सुरू होत होतं, गेल्या वर्षी आणि या वर्षीही. फक्त त्यांचे पाच तासभर आधी येत होते. दिवेलागणीच्या सुमाराला लांबची स्टेशनं जागी होतात, पूर्वेकडची आधी, कारण तिकडे आधी अंधारतं. तेवढ्या तासाभरात रायपूरचा आवाज आमच्यापर्यंत पोचत असणार. आणि त्याच तासावर आता इराण येऊन बसलं होतं.

"मागे कधी घेवचे असत?" आप्पांनी विचारलं.

"घेतले नाय अजून. दसऱ्याच्या आसपास घेवचे असत म्हणतत."

"म्हणतत म्हणजे? नक्की काय?"

पेद्रू हसायला लागला. "आप्पानूं, तुमका कित्याक व्हया? थंय बर्फ विकूक जातास काय?"

आप्पा हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाक आपली कायतरी चौकशी." आणि कारखान्याकडे गेले. चालताना पावलं मात्र हलकी पडत होती, ते मी पाहिलं.

त्या रात्री भाकरी थापताना मी माईंना सगळं सांगितलं. दसऱ्यानंतर जागा मोकळी होईल, मग तिचा आवाज येईल. माई चुलीकडे बघत राहिल्या. "आणि मोटर?" त्यांनी विचारलं.

तो प्रश्न मी टाळत होते. इराण हटला तरी मोटर होतीच. बर्फ भरडायची मोटर चालू असली की रेडिओत नुसती घरघर भरायची. आप्पा स्वतःही ती थांबल्यावरच लांबची स्टेशनं लावायचे. आणि संध्याकाळी पावणेसात म्हणजे होड्यांची ऐन घाई. गेल्या हिवाळ्यात ती कधीकधी तापून बंद पडायची तेवढंच; मुद्दाम म्हणून ती माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा थांबवली नव्हती.

"कान टेकवला की येईल थोडंफार," मी म्हणाले. माईंनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

दसऱ्याच्या दिवशी आप्पांनी रेडिओची पूजा केली. दरवर्षी करत. आदल्या दिवशी कारखान्यातल्या यंत्राला हार, घरी रेडिओला झेंडूचं फूल. सोनं वाटून झाल्यावर मला हाक मारली.

"रोहिणी, इकडे ये. काटा कसा फिरवतेस तू?"

"मी कुठं फिरवते, आप्पा?"

"फिरवत नसशील तर शिकून घे. पावसाळ्यात व्हॉल्व्हना ओल लागलीय. मला संध्याकाळी कारखान्यावरून येता येत नाही, तर तू जरा लावून ठेवत जा. गरम राहतो." त्यांनी बटणावर माझा हात ठेवला आणि त्यावर आपलं बोट. "असा. घाई केलीस की जागा निघून जाते. पुढे गेलं तर एकदम मागे ओढायचं नाही. हळू. कांद्याचा पापुद्रा काढतात तसं."

काटा त्यांनी जिथं थांबवला ती जागा मला पाठ होती.

"रोज लावू?" मी विचारलं.

"रोज कशाला? वीज काय फुकट येते?" आप्पा उठले. "मंगळवारी लावलास तरी चालेल."

मी माईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त डोक्यावरचा पदर सारखा केला.

मंगळवार आला. दिवसभर माईंनी धड काही खाल्लं नाही. दुपारी आंघोळ करून ठेवणीतलं लुगडं नेसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "पोरगी घरी येते तर असंच बसायचं?" सहाला रेडिओ लावला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत बाहेर अंधारून आलं. समोर शेडमध्ये दिवे लागले होते, धक्क्यावर होड्या लागलेल्या, आणि मोटरची घरघर रेडिओत भरून राहिलेली. इराण नव्हता. ती बाई नव्हती, तो खर्जातला माणूसही नव्हता. त्यांच्या जागी फक्त मोटर. तिच्यामागे कुणीतरी बोलत होतं, पण बाई की बाप्या तेही कळत नव्हतं.

माईंनी कान टेकवला. थोड्या वेळानं मान हलवली. नाही.

मी घड्याळाकडे बघत होते. पावणेसात होत आले होते. मनात आलं, धावत जावं आणि बाबीला सांगावं की पाच मिनिटं थांब. पण बाबीला काय कारण सांगणार?

आणि मोटर थांबली.

एकाएकी सगळं बंदर रिकामं झाल्यासारखं वाटलं. समुद्र ऐकू आला. मागच्या माडाच्या झावळ्या ऐकू आल्या. धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं, "बाबी, काय झाला रे?" आणि रेडिओतून स्वच्छ हिंदीत एक पुरुष म्हणाला की आता ऐकू या बहिणींसाठीचा कार्यक्रम.

आवाज आणखी स्वच्छ करायला म्हणून मी बटण जरासं फिरवलं आणि जागा निघून गेली. खरखर. मी मागे ओढलं, तर पलीकडे निघून गेली. माई माझ्याकडे बघत होत्या. मी हात काढून घेतला, पदराला पुसला, आणि पुन्हा बटण धरलं. हळू. पापुद्रा काढावा तसं.

"...और नारियल का दूध अलग रख लीजिए," एक बाई म्हणाली.

मी शालनला कधी ऐकलं नव्हतं. तरी मला विचारावं लागलं नाही. माईंनी दोन्ही हातांनी रेडिओ धरला, तापानं फणफणलेल्या मुलाचं डोकं धरतात तसा, आणि कान टेकवला.

शालन रायपूरच्या बायकांना खापरोळी करायला शिकवत होती. आंबवलेल्या पिठाची जाड, जाळीदार पोळी आणि ती बुडवायला नारळाच्या दुधाचा गूळ घातलेला रस. नारळ तिथं मिळत नसेल तर काय करायचं तेही सांगत होती. हिंदी चांगलं होतं, पण मधूनच एखादा शब्द आपल्यासारखा वर चढायचा. वेलचीला ती वेलचीच म्हणाली, मग स्वतःच हसली आणि इलायची म्हणाली. तो हसू आल्याचा आवाज रेडिओतून आला तेव्हा माईंचे खांदे हलले.

मी जवळ बसून राहिले. एक शब्द सांगायची गरज पडली नाही. दहा-बारा मिनिटं बाहेर कुणी यंत्र लावलं नाही, कुणी लावा म्हणून आत आलं नाही. धक्क्यावरचा गलका मात्र वाढत होता. "बाबी, मोटार खय मेली?" "पाणी उतारता, रे!"

कार्यक्रम संपला. संगीत लागलं. मग सात वाजले आणि एखादं दार ढकलून कुणी घरात शिरावं तसा तो खर्जातला माणूस आत आला.

माईंनी कान काढला. गाल ओला होता.

"ऐकू आलं?" मी विचारलं.

"मीठ विसरली," माई म्हणाल्या.

"काय?"

"पिठात चिमूटभर मीठ लागतं. गोडाची असली तरी. सांगितलं नाही तिनं. आता रायपूरच्या बायका काय फिकं खाणार?" त्यांनी लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं. "मीच शिकवलं होतं तिला. हात धरून." मग दाराकडे बघून म्हणाल्या, "जा, त्यांना सांग. झालं म्हणावं. लोकांच्या होड्या खोळंबल्यात."

मी रस्ता ओलांडला. शेडसमोर रिकाम्या पाट्या घेऊन पोरं उभी होती आणि एक नाखवा बाबीवर तोंडसुख घेत होता.

"थंड होता हा," बाबी सांगत होता. "तापलेली मोटार."

"बर्फाच्या कारखान्यात मोटार थंड होऊक वेळ लागता? परत तांच? तिका पंख्यान वारो घालतास काय?"

बाबीनं मला पाहिलं आणि मानेनंच आतल्या खोलीकडे दाखवलं.

आप्पा स्टुलावर बसले होते. पुढ्यात छोटा ट्रान्झिस्टर, त्याला एक तार बांधलेली आणि ती तार खिडकीतून वर पत्र्याला अडकवलेली. इराण इथंही बोलत होता, बारीक आवाजात. मला बघून त्यांनी तो लपवला नाही. फक्त बंद केला.

"तिला ऐकू आलं?"

"आलं, आप्पा. सुरुवातीचं थोडं माझ्या हातून गेलं. बाकी सगळं."

"घाई केलीस."

"होय."

"काय म्हणाली?"

"मीठ विसरली म्हणाल्या."

आप्पांच्या कपाळाला आठी पडली. "विसरली? विसरली नाही. पहिल्यांदा तांदूळ सांगितले, मग उडीद, मेथी, आणि मग मीठ. चिमूटभर म्हणाली. गोडात कशाला असं विचारू नका, माझी आई घालते म्हणून घालायचं, असं म्हणाली."

बाबी दारात येऊन उभा राहिला होता. "गेल्या हिवाळ्यात तर दर मंगळवारी, वैनीनूं," तो हळूच म्हणाला. "पाव तास. माका सांगत, मोटार तापली. मी म्हटलंय, असात. मोटार तेंची, टाइम तेंचो. औंदा काय ऐकूकच येयना तसे माझ्यावर खवळत."

"बाबी, चालू कर," आप्पा म्हणाले. "आणि आज लाद्यांमागे एक पाटी जास्त घाल सगळ्यांक. माझ्या नावार."

मोटर सुरू झाली. पोरं पाट्या घेऊन धावली. आप्पांनी चपला पायात सारल्या. मला वाटलं धक्क्यावर जातील, त्या नाखव्याशी दोन शब्द बोलतील. पण ते घराकडे वळले.

"कुठे, आप्पा?"

"सांगायला नको तिला? नाहीतर डोक्यात धरून बसेल. मीठ विसरली, मीठ विसरली. जन्मभर."

घरात दिवा लागला होता. माई रेडिओसमोरच पाटावर बसल्या होत्या, तो खर्जातला माणूस बोलत होता आणि त्यांना त्याचं काही नव्हतं. मी मागून हळूच म्हणाले, "माई, आप्पा आलेत," आणि त्यांनी मान वळवली.

आप्पा त्यांच्यासमोर उभे राहिले. मोटरची घरघर आता पुन्हा घरभर झाली होती.

"मीठ सांगितल्यान हा," ते म्हणाले.

माईंनी कानामागे हात धरला. "काय?"

"मीठ. सुरवातीकच सांगितल्यान. ह्या पोरीन काटो हलवल्यान म्हणून तुका आयकाक इला नाय."

"कोणी सांगितल्यान?"

आप्पा थांबले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. "तिना."

"तिना म्हंजे कोणी? माका आयकाक येणा नाय. मोटार चालू असा."

"शालनान," आप्पा म्हणाले.

ते त्यांनी इतक्या हळू म्हटलं की मलाही ओठांवरून कळलं. माईंनी हात आणखी पुढे केला, मान तिरकी केली. मघाशी पाठमोऱ्या असताना माझं पुटपुटणं ऐकणाऱ्या याच माई. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

"कोणी?"

"शालनान."

"मोठ्यान बोला. कोणी म्हटलास?"

आप्पांनी छाती भरून श्वास घेतला आणि भर संध्याकाळी, दारं उघडी असताना, मोटरच्या वर आवाज काढून ओरडले, "शालनान. आमच्या शालनान मीठ सांगितल्यान."

भिंतीपलीकडून पेद्रूचा आवाज आला. "आयकला, आप्पानूं. आमी सगळ्यांनी आयकला."

आप्पा घामानं निथळत होते. माईंनी मात्र कानामागचा हात अजून काढला नव्हता.